यंत्राचा इशारा आणि वैद्याचा विवेक

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने ‘विषय स्वतःच्या अनुभवातला असावा’ एवढीच अट घातली. तीस वर्षांच्या व्यवसायात अनुभवांना तोटा नसतो. तरीही लेखणी हाती घेताच जी रात्र प्रथम डोळ्यांसमोर उभी राहिली, तिचा संबंध कोणत्याही दुर्मीळ व्याधीशी नसून दवाखान्यातील एका संगणकाशी आहे. आपल्यापैकी बहुतेकांकडे आज संगणकाला जोडलेले एखादे तरी यंत्र आहे. ईसीजी, स्पायरोमीटर, डिजिटल एक्स-रे, सेल काउंटर, काही नाही तर निदान अहवाल छापणारा प्रिंटर. म्हणून हा अनुभव आणि त्यातून सुचलेले चार विचार सहकाऱ्यांपुढे ठेवण्याचे धाडस करीत आहे.

ती रात्र

२०१६ सालचा पावसाळा. सामरवरणीतील दवाखाना बंद करून मी नुकताच जेवायला बसलो होतो. रात्री दहाच्या सुमारास धाग्याच्या कारखान्यातील रात्रपाळीच्या चार कामगारांनी आपल्या एका सोबत्याला उचलून आणले. वय पंचेचाळीसच्या आसपास. अंग घामाने भिजलेले, छातीच्या मध्यभागी दडपण, डावा हात जड. अशा रुग्णाकडे पाहताच आपल्या मनात जे येते तेच माझ्याही मनात आले. अॅस्पिरिनची गोळी चावायला देऊन मी ईसीजीकडे वळलो.

माझे ईसीजी यंत्र संगणकाला जोडायचे होते. त्याला स्वतःचा पडदा नाही, कागदाचा रोल नाही. जे काही दिसायचे ते संगणकावर. संगणक सुरू केला, तर ‘यंत्र सापडत नाही’ असा संदेश. तार काढून पुन्हा लावली. तोच संदेश. मग पडद्याच्या कोपऱ्यातील एका लहान चौकटीकडे लक्ष गेले. त्यात लिहिले होते, ‘धोका आढळला होता. तो दूर करण्यात आला आहे.’

दुपारी अँटिव्हायरसने स्वतःला अद्ययावत केले होते. त्यानंतर ईसीजी यंत्र आणि संगणक यांचा संवाद घडवून आणणारी छोटीशी ड्रायव्हर फाइल त्याला संशयास्पद वाटली आणि त्याने तिला उचलून क्वारंटाइनमध्ये टाकले. त्याच्या दृष्टीने त्याने माझे रक्षण केले होते.

कपाटातून जुने कागदी यंत्र काढले, तर त्यातील थर्मल रोल वर्षानुवर्षे पडून काळवंडलेला. रेषा उमटत होत्या, पण वाचता येत नव्हत्या. शेवटी चिठ्ठी लिहून रुग्णाला ईसीजीविनाच गाडीने रुग्णालयात रवाना केले. या खटाटोपात पंधरा मिनिटे तरी गेली. तो गृहस्थ वाचला आणि काही महिन्यांनी कामावरही रुजू झाला. त्याचे श्रेय रुग्णालयातील सहकाऱ्यांच्या तत्परतेला आणि त्याच्या दैवाला. ‘काळ हाच स्नायू’ हे हृदयविकाराबाबत आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. त्या पंधरा मिनिटांचा हिशेब मला आजही मांडता आलेला नाही.

त्या आधीची चूक

अँटिव्हायरसला इतकी मोकळीक दिली कोणी? मीच. त्यामागेही एक कथा आहे.

हेच यंत्र मी २०१४ साली घेतले तेव्हा ते बसवून देण्यासाठी पुरवठादाराचा तंत्रज्ञ बाहेरगावाहून आला होता. त्याने खिशातून पेनड्राइव्ह काढून संगणकाला लावताच पडद्यावर लाल चौकट झळकली. तो हसून म्हणाला, “डॉक्टरसाहेब, काळजी करू नका. आमच्या सॉफ्टवेअरला सगळीकडे असेच येते. अँटिव्हायरस बंद करा, दोन मिनिटांचे काम आहे.” बाहेर बाकावर पंधरा रुग्ण ताटकळत होते. मी बंद करायला सांगितले.

आठ दिवसांत नोंदणीच्या संगणकावरील प्रत्येक फोल्डरचे रूपांतर शॉर्टकटमध्ये झाले. दुरुस्तीला आलेल्या मुलाने फारसा विचार न करता डिस्क फॉरमॅट करून टाकली. या जातीचा विषाणू मूळ फाइली नष्ट करीत नाही, केवळ लपवतो, आणि त्या परत मिळू शकल्या असत्या, हे मला फार नंतर समजले. माझ्या सहा वर्षांच्या नोंदींपैकी ज्यांच्या छापील प्रती होत्या तेवढ्याच उरल्या.

गेलेल्या नोंदींत सिकलसेलच्या मुलांचे तक्ते होते. आपल्या भागातील वारली, कोकणा, धोडिया समाजांत हा आजार किती घराघरांत आहे हे वाचकांस सांगायला नको. अशाच एका वारली मुलीच्या आईने पुढच्या भेटीत, लेकीला रक्त कधी कधी चढवले ते बोटांवर मोजून मला सांगितले. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. माझ्या संगणकापेक्षा त्या माउलीची स्मरणशक्ती भरवशाची निघाली, आणि मी मान खाली घालून ती माहिती वहीत उतरवून घेतली.

तो तंत्रज्ञ खोटे बोलत होता असे मला वाटत नाही. त्याचे सॉफ्टवेअर निर्दोषच होते. बाधित होता तो पेनड्राइव्ह. आठवड्यात दहा दवाखान्यांच्या संगणकांना तो लागत होता, आणि प्रत्येक ठिकाणी अँटिव्हायरस बंद करूनच लागत होता. न उकळलेल्या एकाच सुईने गावोगावी इंजेक्शने देत फिरणाऱ्या माणसाविषयी आपण काय म्हणू? माझ्या दवाखान्यात तेच घडले आणि मी ते स्वतः उभा राहून पाहिले.

त्या धसक्याने मी अँटिव्हायरसची मांडणी कडक करून घेतली. शंका येताच, कोणालाही न विचारता, फाइल हटवायची. पुढे दोन वर्षांनी ती रात्र आली. पहिल्या खेपेस मी खरा इशारा दाबला; दुसऱ्या खेपेस खोट्या इशाऱ्याला न पाहताच मान तुकवली. दोन्ही वेळा निदान करण्याचे माझे काम मी दुसऱ्यावर सोपवले होते.

अँटिव्हायरस ओळखतो कसा?

यानंतर मी या विषयाचे थोडे वाचन केले. अँटिव्हायरसची कार्यपद्धती आपल्याला समजायला अवघड नाही. तो मुख्यतः तीन प्रकारे पाहतो. पहिला प्रकार ओळखीच्या खुणांचा. पूर्वी सापडलेल्या विषाणूंच्या संकेतातील ठरावीक तुकडे त्याच्या संग्रहात असतात आणि तो नव्या फाइलीत ते शोधतो. दुसरा प्रकार वर्तनाचा. फाइल संगणकाच्या गाभ्यात शिरते का, संगणक सुरू होताच आपणहून जागी होते का, इतर कार्यक्रमांत हात घालते का, हे तो पाहतो. तिसरा प्रकार लौकिकाचा. ही फाइल जगात किती संगणकांवर आहे, तिच्यावर निर्मात्याची डिजिटल स्वाक्षरी आहे का, याची तो चौकशी करतो.

आता यंत्रासोबत येणाऱ्या सॉफ्टवेअरचा विचार करू. ते संगणकाच्या गाभ्यात शिरते, कारण ड्रायव्हरचे कामच ते. ते आपणहून जागे होते, कारण यंत्र लावताच ते तयार असावे लागते. आणि ते जगात मोजक्याच संगणकांवर असते, कारण ईसीजी यंत्र काही घरोघरी नसते. लहान निर्माते डिजिटल स्वाक्षरीचा खर्चही पुष्कळदा टाळतात. म्हणजे निरोगी असूनही त्याची लक्षणे रोग्याची. बीसीजी घेतलेल्या मुलाची मांटू चाचणी जशी क्षय नसतानाही उठू शकते, तसाच हा प्रकार.

या ओळखीच्या शास्त्रात एका मराठी नावाचा उल्लेख आवश्यक आहे. मूळचे सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीचा व्यवसाय करीत. पुढे दुरुस्तीला संगणक येऊ लागले आणि त्यांत विषाणू आढळू लागले, तेव्हा त्यांचे धाकटे बंधू संजय काटकर यांनी ते विषाणू काढण्याचे कार्यक्रम लिहिले. १९९० च्या दशकाच्या मध्यास त्यातून ‘क्विक हील’ हा अँटिव्हायरस आकारास आला. कंपनीने २००७ मध्ये तेच नाव धारण केले आणि २०१६ मध्ये तिचे समभाग शेअर बाजारात आले. ‘हील’ म्हणजे बरे करणे. आपल्याच व्यवसायातला शब्द. मला या कथेतील एक गोष्ट महत्त्वाची वाटते. हे औषध दुरुस्तीच्या टेबलावर, एकेक रुग्ण पाहत तयार झाले. अँटिव्हायरस हा अनुभवी वैद्य आहे. जे पाहिले आहे ते तो लगेच ओळखतो. जे कधी पाहिले नाही त्याविषयी अंदाज बांधतो आणि त्या अंदाजात चुकू शकतो.

जगाच्या वहीतील तीन नोंदी

माझ्यासारखा अनुभव जगात इतरांनाही आला आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये अमेरिकेतील एका रुग्णालयात हृदयाचे कॅथेटरायझेशन चालू असताना ‘मर्ज हेमो’ या नोंदप्रणालीचा संगणक मध्येच बंद पडला. रुग्णाला गुंगीचे औषध दिलेले होते. संगणक पुन्हा सुरू होईपर्यंत सुमारे पाच मिनिटे गेली, मग उपचार सुखरूप पार पडला. तेथील अन्न व औषध प्रशासनाकडे नोंदल्या गेलेल्या अहवालानुसार, अँटिव्हायरस दर तासाला तपासणी करण्यासाठी लावलेला होता. रुग्णाच्या माहितीच्या आणि प्रतिमांच्या फाइली या तपासणीतून वगळाव्यात, असे निर्मात्याच्या सूचनापत्रात आधीच लिहिलेले होते. ते कोणी पाळले नव्हते. त्याआधी २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या एका अद्ययावतीकरणाने विंडोज एक्सपीची स्वतःची एक अत्यावश्यक फाइलच विषाणू ठरवली. जगभर असंख्य संगणक ठप्प झाले आणि अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यातील काही रुग्णालयांना नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या.

ही झाली खोट्या इशाऱ्यांची बाजू. आता दुसरी नोंद. २०२५ मध्ये कॅमेरॉन कावर्ड या अमेरिकी परीक्षकाकडे शेंझेनच्या ‘प्रोकलर्ड’ कंपनीचा हजारो डॉलर किमतीचा प्रिंटर परीक्षणासाठी आला. सोबतच्या यूएसबीवरील सॉफ्टवेअर बसवताना अँटिव्हायरसने इशारा दिला. कंपनीने उत्तर दिले, हा खोटा इशारा आहे. कावर्ड यांनी त्यावर समाधान न मानता जाणकारांना विचारले. जी डेटा या जर्मन कंपनीचे विश्लेषक कार्स्टन हान यांनी प्रोकलर्डने डाउनलोडसाठी ठेवलेल्या फाइली तपासल्या, तेव्हा तब्बल ३९ फाइली बाधित निघाल्या. त्यांत संगणकाचे मागचे दार उघडणारा एक कार्यक्रम होता. दुसरा, बिटकॉइन पाठवताना प्राप्तकर्त्याचा पत्ता गुपचूप बदलणारा. त्या चोराच्या खात्यात सुमारे ९.३ बिटकॉइन जमा झालेले आढळले. मे २०२५ मध्ये कंपनीने ते सॉफ्टवेअर मागे घेतले. येथे निर्माता खरा होता, प्रिंटर खरा होता आणि इशाराही खरा होता. ‘आमच्या सॉफ्टवेअरला असे येतेच’ हे वाक्य तेवढे चुकीचे होते.

तिसरी नोंद या दोहोंच्या मधली. मार्च २०२५ मध्ये विंडोजच्या अंगभूत संरक्षणाने पंख्यांचा वेग किंवा दिव्यांचे रंग नियंत्रित करणाऱ्या अनेक लोकप्रिय सॉफ्टवेअरांना धोकादायक ठरवले. त्या सर्वांत ‘विनरिंगझिरो’ नावाचा एकच जुना ड्रायव्हर होता. तो स्वतः विषाणू नव्हता. परंतु त्यातील कच्चा दुवा २०२० पासून अधिकृतपणे नोंदलेला होता आणि त्याच वाटेने दुसरा कोणी आत शिरू शकत होता. आपल्या भाषेत सांगायचे तर वाहक. स्वतः आजारी नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखाही नाही.

चाळणी आणि निदान

सिकलसेलच्या शिबिरात आपण प्रथम सोल्युबिलिटी चाचणी करतो. ती स्वस्त आहे, झटपट आहे. पण ती सकारात्मक आली म्हणून कोणाच्या कपाळावर आपण रोगाचा शिक्का मारीत नाही, कारण वाहक आणि रुग्ण यांतला भेद ती सांगत नाही. ती नकारात्मक आली म्हणून तान्ह्या बाळाला किंवा तीव्र रक्तक्षय असलेल्याला निर्धास्तपणे घरीही पाठवीत नाही. पुढे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी होते, मग निदान. अँटिव्हायरसची लाल चौकट ही सोल्युबिलिटी चाचणी आहे. तिला निदान समजणे ही एक चूक, आणि ‘या चाचणीत असे येतेच’ म्हणून नळी फेकून देणे ही दुसरी.

मग पडताळणी कशी करावी? मी माझ्या दवाखान्यात जी पद्धत ठेवली आहे ती सांगतो.

इशारा आला की प्रथम त्याचे छायाचित्र काढावे आणि धोक्याचे नाव जसेच्या तसे लिहून घ्यावे. ‘अनोळखी प्रकाशक’ म्हणणे वेगळे आणि ‘ट्रोजन’ म्हणणे वेगळे. नावात ‘जेनेरिक’ किंवा ‘जेन’ असेल तर तो बहुधा अंदाज असतो. विशिष्ट विषाणूचे नाव असेल तर अधिक सावध व्हावे.

त्यानंतर सॉफ्टवेअर कोठून आले ते पाहावे. तंत्रज्ञाचा पेनड्राइव्ह माझ्या संगणकाला लागत नाही. निर्मात्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून फाइल घ्यायची, हा नियम. अर्थात प्रोकलर्डच्या उदाहरणाने दाखवले की मूळ झराही दूषित असू शकतो, म्हणून पुढची पायरी टाळता येत नाही.

फाइलच्या गुणधर्मांत डिजिटल स्वाक्षरी आहे का, ती कोणाच्या नावाची आहे, हे पाहावे. मग दुसऱ्या वैद्याचे मत घ्यावे. ‘व्हायरसटोटल’ या सेवेवर एकच फाइल अनेक अँटिव्हायरसांकडून एका वेळी विनामूल्य तपासून मिळते. सत्तरांपैकी एक-दोघांनीच शंका घेतली आणि तीही अंदाजाने, तर इशारा खोटा असण्याचा संभव बराच. नामांकित दहा-बारांनी एकच नाव घेतले तर चर्चा संपली. मात्र तेथे केवळ सॉफ्टवेअरची फाइल द्यावी, रुग्णांचे अहवाल कदापि नाही. तेथे दिलेल्या फाइली इतर संशोधकांनाही उपलब्ध होतात.

चौथी गोष्ट, निर्मात्याला लेखी विचारावे. जबाबदार निर्माता ‘अँटिव्हायरस बंद करा’ असे म्हणत नाही. कोणता फोल्डर तपासणीतून वगळावा हे तो नेमके सांगतो. पडताळणीनंतर तेवढाच फोल्डर अपवाद म्हणून नोंदवावा. संपूर्ण संरक्षण कधीही उतरवू नये.

शेवटची गोष्ट, यंत्राचा संगणक यंत्रासाठीच असावा. त्यावर ईमेल नको, मुलांचे खेळ नकोत आणि शक्यतो इंटरनेटही नको. विंडोज ७ चा आधार जानेवारी २०२० मध्ये संपला, विंडोज १० चा सर्वसाधारण आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. जुन्या यंत्रांना जोडलेले असे संगणक जाळ्यापासून दूर ठेवणेच इष्ट. नोंदींची प्रत दर आठवड्याला वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क संगणकाला जोडून ठेवू नये. आणि कपाटातील कागदी ईसीजीचा रोल दर तीन महिन्यांनी बदलावा. हे शेवटचे वाक्य मी स्वतःसाठी लिहिले आहे.

इशारा खरा ठरलाच, तर संगणकाचे जाळे तोडावे, त्याला लागलेला पेनड्राइव्ह अन्यत्र लावू नये आणि घाईने फॉरमॅट करू नये. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेच्या सायबर स्वच्छता केंद्राकडे २०१७ पासून स्वच्छतेची साधने विनामूल्य मिळतात. आर्थिक फसवणूक असेल तर १९३० हा क्रमांक आहे.

आपली जबाबदारी

‘आपल्या छोट्या दवाखान्यात चोराला काय मिळणार?’ असे अनेक सहकारी विचारतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे पाच सर्व्हर बाधित झाले, सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली आणि कित्येक दिवस नोंदणी कागदावर करावी लागली. तेथे तज्ज्ञांची फौज होती. आपल्याकडे असतो तो एक कंपाउंडर आणि वापीहून बोलावल्यावर येणारा एक दुरुस्तीवाला. शिवाय २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने रुग्णाच्या माहितीचे रक्षण ही आपली वैधानिक जबाबदारी ठरवली आहे. कायदा नसता तरी ती होतीच. रुग्ण आपली गुपिते आपल्या हवाली करतो, संगणकाच्या नव्हे.

गेल्या वर्षी स्पायरोमीटर घेतला. तो बसवायला आलेल्या तरुणापुढे पुन्हा तीच लाल चौकट उभी राहिली आणि त्यानेही तेच वाक्य उच्चारले. मी त्याला चहा दिला, खुर्ची दिली आणि म्हणालो, “बसा, आपण थोडी तपासणी करू.” पडताळणीला पाऊण तास लागला. इशारा खोटा निघाला. बाहेरचे रुग्ण कुरकुरले, तो तरुणही थोडा अवघडला. निघताना मात्र त्याने विचारले, “साहेब, हे दुसऱ्या दवाखान्यातही करून दाखवू का?”

त्याच्या हातातील पेनड्राइव्हकडे पाहत मी म्हणालो, “आधी हा तपासून घेऊ.” आणि आम्ही दोघे पुन्हा खुर्चीवर बसलो.